शिंजिरासाठी धायटी



बागेची हौस आता केवळ शहरापुरती राहिलेली नाही. शाळा, ग्रामपंचायत कार्यालये आणि गावालगतच्या नव्या वसाहती यांसाठी रोपवाटिकांतून शोभेची झुडपे मोठ्या प्रमाणावर नेली जातात. त्यांत हमेलिया नावाचे नारिंगी-तांबड्या, नळीसारख्या फुलांचे झुडूप बहुधा असतेच. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील होय. त्या देशांत त्याच्या फुलांवर हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी मध पिण्यासाठी येतो व त्यामुळे पक्ष्याचे नाव झुडपालाही चिकटले आहे. झुडपाबरोबर एक गैरसमजही आपल्याकडे आला. हे रोप अंगणात लावले की हमिंगबर्ड अंगणात येईल, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते.

वस्तुस्थिती अशी आहे की हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती असून त्या सर्व उत्तर व दक्षिण अमेरिका आणि लगतची बेटे एवढ्याच भूभागात राहतात. भारतात हा पक्षी नाही. संध्याकाळच्या वेळी फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध शोषणारा एक जाडसर प्राणी पुष्कळांनी पाहिलेला असतो आणि "आमच्याकडे हमिंगबर्ड आला होता" असे ते सांगतात. तो पक्षी नसून हॉक मॉथ या गटातील पतंग असतो. मिशा दिसल्या आणि चोचीऐवजी गुंडाळली जाणारी सोंड दिसली, की शंका उरत नाही. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही एक गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखविली, तरी निरीक्षणाचा चांगला पाठ होईल.

परंतु हमिंगबर्ड नाही म्हणून खानदेशाच्या फुलांना पक्षी नाही, असे मुळीच नाही. हे काम आपल्याकडे शिंजीर करतो. त्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या मैदानात सर्वांत परिचित आहे तो जांभळा शिंजीर. चोचीसह त्याची लांबी जेमतेम १० सेंटीमीटर, वजन १० ग्रॅमहूनही कमी. विणीच्या हंगामात नर दुरून काळा दिसतो. ऊन पडले की त्याच काळ्या अंगावर निळी-जांभळी झळाळी उमटते. मादी वरून तपकिरी-हिरवट व खालून फिकट पिवळी असते. विणीचा हंगाम सरल्यावर नराचाही रंग उतरतो, पोट पिवळसर होते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी शिल्लक राहते. त्यामुळे एकाच पक्ष्याला लोक दोन वेगळे पक्षी समजतात.

फुले आणि पक्षी यांच्या या संबंधाकडे आपल्या राज्यातील अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. डॉ. सलीम अली यांनी भारतातील फुलांवर येणारे पक्षी व पक्ष्यांसाठी फुलणारी फुले या विषयावर एक विस्तृत लेख १९३२ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय जुना आहे. मात्र गावपातळीवरील वृक्षारोपणाच्या योजनांत तो अद्याप उतरलेला नाही. आजच्या विवेचनाचे कारण तेच आहे.

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे आणि झुडपाची निवड करताना तो लक्षात घ्यावा लागतो. हमिंगबर्ड सेकंदाला साधारणपणे ५० ते ८० वेळा पंख हलवून हवेत जागच्या जागी थांबतो, मागेही उडतो. शिंजीर क्वचित क्षणभर फुलासमोर फडफडतो, एरवी तो फांदीवर बसून खातो. म्हणजे त्याला फुलाबरोबर बैठकही लागते. टोकावर लोंबणाऱ्या नाजूक देठाच्या फुलापेक्षा, बळकट फांदीला अंगासरशी लागलेली फुले त्याच्या सोयीची. अशी रचना असलेले एक झुडूप आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात आहे. त्याचे नाव धायटी.

धायटीची ओळख

धायटीचे शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा असे आहे. संस्कृत ग्रंथांत तिला धातकी, ताम्रपुष्पी, वह्निज्वाला अशी नावे आहेत व ती यथार्थ आहेत. फुललेले झुडूप दुरून पेटल्यासारखे दिसते. हिंदी भाषक तिला धवई किंवा धाय म्हणतात. ती मेंदीच्या कुळातील आहे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण याच कुळातला. येथे एक सूचना आवश्यक आहे. धावडा हा याहून सर्वस्वी वेगळा, जंगलातील मोठा वृक्ष आहे. नावांतील साम्यामुळे मागणीपत्रात घोटाळा होऊ शकतो. तेव्हा मागणी नोंदविताना 'धायटी, झुडूप' असे स्पष्ट लिहावे.

झुडूप सामान्यतः १ ते ३ मीटर उंच वाढते. फांद्या लांब असून बाहेरच्या बाजूस कमानीसारख्या झुकतात. पाने समोरासमोर, भाल्यासारखी, खालच्या बाजूने फिकट व बारीक काळ्या ठिपक्यांची असतात. थंडी सुरू झाली की पानांच्या बेचक्यांतून विटकरी-तांबड्या फुलांचे झुबके येऊ लागतात आणि साधारणपणे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत झुडूप फुललेले असते. ज्याला आपण फूल म्हणतो तो तांबडा भाग प्रत्यक्षात पाकळ्यांचा नसून निदलपुंजाची किंचित वाकडी नळी असते. पाकळ्या इतक्या लहान की शोधाव्या लागतात. नळीच्या तळाशी मध असतो आणि तिच्या तोंडातून पुंकेसर बाहेर आलेले असतात. शिंजीर फांदीवर बसून चोच आत घालतो तेव्हा त्याच्या कपाळाला व चोचीला पराग लागतात आणि पुढच्या फुलाला पोहोचतात. एका बैठकीवरून त्याला डझनावारी फुले हाताशी येतात. पक्ष्याची जीभ नळीसारखी वळलेली व टोकाशी दुभंगलेली असल्याने तळाचा मध सहज खेचला जातो.

फूल उमलून गेल्यावरही नळी गळून पडत नाही. फळ पिकेपर्यंत तांबडी राहते. त्यामुळे झुडूप प्रत्यक्षात जेवढे दिवस फुलते त्याहून अधिक दिवस फुललेले वाटते. शोभेच्या झुडपाकडून शाळेच्या आवाराची जी अपेक्षा असते, ती यात आपोआप पुरी होते.

धायटी आपल्या परिसराला परकी नाही. तापीच्या पलीकडे सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या भागात आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगांत खडकाळ उतारांवर ती आढळते. जेथे माती धुपून गेली आहे व मोठी झाडे तोडली गेली आहेत, अशा जागीही ती टिकते. असोद्याच्या काळ्या मैदानात मात्र ती आपण होऊन येत नाही. म्हणून येथे ती लावणे ही थोडी विशेष खटपट आहे, आणि ती खटपट कशासाठी करावी याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

धायटीच्या फुलांना बाजारही आहे. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे तयार करताना आंबवण्याच्या क्रियेसाठी ही फुले वापरतात. फुलांत कषाय द्रव्य भरपूर असते व त्यांच्याबरोबर येणारे किण्व काढ्यातील गुळाचे आंबवण घडवून आणते. मद्यपुष्पा हे तिचे आणखी एक संस्कृत नाव यावरूनच आले असावे. केंद्र शासनाच्या गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही या फुलांचा समावेश आहे. तथापि शाळेच्या आवारातील दहा-वीस झुडपांतून उत्पन्न मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. ते खोटे ठरेल आणि मग झुडूपही नकोसे होईल.

बांधाचा प्रश्न

असोदा हे जळगाव शहरालगतचे बागायती गाव. कापूस, केळी आणि भरिताची वांगी यांसाठी ते ओळखले जाते. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना व जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली येथेच झाला. शेत, बांध, विहीर, पाखरे यांच्याशी निरक्षर शेतकरी स्त्रीचा किती बारकाईचा परिचय असू शकतो, हे त्यांच्या ओव्यांवरून महाराष्ट्राला कळले. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांचे गीत शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या खोप्याइतकेच कौशल्याचे घरटे शिंजिराची मादी बांधते, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे घरटे एखाद्या फांदीच्या टोकाला लोंबणाऱ्या लांबट पिशवीसारखे असते. गवत, सालीचे तुकडे, वाळकी पाने, अळ्यांची विष्ठा, हाती लागेल ते कोळ्याच्या जाळ्याने विणून बांधलेले. प्रवेश एका बाजूने आणि त्यावर पुढे आलेली छोटीशी पडवी. पाहणाऱ्याला तो अडकलेला केरच वाटतो आणि तीच त्याची सुरक्षितता. बांधणीचे व अंडी उबविण्याचे काम मादी एकटी करते. अंडी बहुधा दोन, पंधरा-सोळा दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि मग भरविण्याच्या कामात नरही हातभार लावतो. पिल्लांना मध भरविला जात नाही. त्यांना लागतात किडे आणि कोळी. फेब्रुवारी ते मे हा विणीचा मुख्य काळ होय. व्हरांड्यातील तार, लिंबाची फांदी, कुंपणाची वेल, कोठेही हे घरटे असू शकते. त्या महिन्यांत शाळेच्या स्वच्छतेसाठी झाडू फिरविण्यापूर्वी लोंबणारा केर एकदा निरखून पाहावा, एवढी विनंती मुख्याध्यापकांना करावीशी वाटते.

आता शेताकडे वळू. बागायतीच्या विस्ताराबरोबर बांध अरुंद झाले. ट्रॅक्टर वळविण्यासाठी, सावली पिकावर पडू नये म्हणून, कीड लपू नये म्हणून बांधावरील झुडपे काढली जातात. प्रत्येक शेतकऱ्याचे कारण आपापल्या जागी समजण्यासारखे आहे. पण सर्व बांध मिळून गावाचा जो हिरवा पट्टा होता, त्यावर अवलंबून असलेल्या जिवांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. केळीच्या बागा एवढ्या असताना मधाला काय तोटा, असा प्रश्न कोणी विचारील. केळफुलात मध असतो व शिंजीर त्यावर येतो, हे खरेच आहे. परंतु घड पूर्ण निसवल्यावर केळफूल कापून टाकण्याची पद्धत आहे आणि ती घडाच्या पोसण्यासाठी योग्यही आहे. म्हणजे हा मध शेतकऱ्याच्या वेळापत्रकाने येतो आणि जातो.

वांग्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. वांग्याच्या फुलात मध नसतो. कीटकांसाठी तेथे केवळ पराग असतात आणि तेही परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांत. ते बाहेर काढण्यासाठी भुंगे व काही जंगली मधमाश्या फुलाला धरून अंग थरथरवतात. वांग्याचे फूल स्वतःच्या परागांनीही फळते. परंतु या कीटकांच्या भेटींनी फळधारणा सुधारते. आता ज्या भुंग्याला वांग्याच्या शेतात मध मिळत नाही, तो जगणार कशावर? आजूबाजूच्या बांधावरील फुलांवरच. भरिताच्या वांग्याचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत बांधावर फुलांची आवश्यकता असते. धायटीवर मधमाश्याही येतात. पक्ष्यासाठी लावलेले झुडूप असे शेताच्याही उपयोगी पडते. हा संबंध वांगी उत्पादकांच्या बैठकीत सांगितला गेला, तर बांध राखण्याविषयीचे बोलणे त्यांना केवळ उपदेश वाटणार नाही.

वर्षाचा फुलोरा

एका झुडपावर कोणताही पक्षी वर्ष काढीत नाही. धायटी जानेवारी ते एप्रिल या काळापुरती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, त्यांवर शिंजिराची गर्दी असतेच. मात्र हे वृक्ष आहेत, त्यांना जागा व वर्षे दोन्ही लागतात. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात नेपतीची तांबडी फुले येतात. पर्णहीन, काटेरी, कुरूप म्हणून ती उपटली जाते. पावसाळ्यात मुरुडशेंग फुलते. तिचे फूल आधी तांबडे असते व मग निळसर-राखी होते. हिवाळ्यात अडुळसा. अडुळशाची शिफारस विशेष आग्रहाने करावीशी वाटते, कारण तो फाट्यावर लागतो, काळ्या जमिनीत तगतो आणि शेळी त्याला सहसा तोंड लावीत नाही. धायटीचा खर्च व श्रम ज्यांना झेपणार नाहीत, त्यांनी निदान अडुळशाचे कुंपण करावे.

आणि हमेलिया? ज्यांच्या आवारात ते आहे त्यांनी ते उपटून टाकण्याचे काही कारण नाही. शिंजीर त्यावर येतो, ते बराच काळ फुलते, लावायला सोपे आहे. परंतु नव्याने लावताना त्याच्यापुरतेच थांबणे योग्य नव्हे. एकाच फाट्यावरून वाढविलेल्या एकाच जातीच्या रांगा पाहून मुलांना आपल्या डोंगरातले काहीही कळत नाही. अमेरिकेत हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्याची प्रथा आहे, तिचेही अनुकरण येथे करू नये. आपल्या उन्हाळ्यात साखरपाणी काही तासांतच आंबते आणि मुंग्या जमतात.

रोपे कोठून आणावीत

उत्साही मंडळी सहलीला जातात व येताना डोंगरातून झुडूप उपटून आणतात. हे दोन कारणांनी चूक आहे. पहिले, असे उपटलेले मोठे झुडूप बहुधा जगत नाही. दुसरे, अभयारण्यातून वनस्पती किंवा बी आणण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. योग्य मार्ग म्हणजे सामाजिक वनीकरण किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेकडे एक वर्ष आधी लेखी मागणी करणे. मागणी नसते म्हणून रोप तयार होत नाही आणि रोप नसते म्हणून मागणी होत नाही. हे चक्र ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने मोडू शकते.

याखेरीज आणखी एक मार्ग आहे. वन हक्क अधिनियम, २००६ नुसार ज्या ग्रामसभांना सामूहिक वन हक्क मिळाले आहेत, त्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार आहे. सातपुड्यातील अशा ग्रामसभेशी संपर्क साधून मोबदला देऊन बी घेता येईल. मैदानातील शाळेने डोंगरातील गावाकडून बी विकत घ्यावे, यात व्यवहारही आहे आणि ओळखही. मात्र फुलांची तोडणी करणाऱ्यांनी सर्व झुबके ओरबाडले तर बी धरत नाही, हे त्यांच्याशी बोलताना नम्रपणे मांडावे. डोंगरातील लोकांना ते बहुधा आधीच माहीत असते.

फळे वाळून तपकिरी होऊ लागली की, उकलण्यापूर्वी, उन्हाळ्यात झुबके काढून कागदावर सावलीत पसरावेत. बी अतिशय बारीक असते. ते मातीत पुरले तर उगवत नाही. येथेच बहुतेकांचा प्रयत्न फसतो. चाळलेली रेती व कुजलेले शेणखत समभाग घेऊन पसरट कुंडी भरावी, बी कोरड्या रेतीत मिसळून वरच्या वर भुरभुरावे आणि झाकू नये. वरून झारीने पाणी घातल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जाते. त्याऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. कुंडी अर्धवट सावलीत असावी. रोपांना चार-सहा पाने आली की ती हलक्या हाताने पिशव्यांत लावावीत. सुरुवातीची वाढ मंद असते. याच पावसाळ्यात रोप जमिनीत लावण्याची घाई न करता पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे. फाट्यापासूनही धायटी होते, परंतु सर्वच फाट्यांना मुळे फुटत नाहीत, हे धरून दुप्पट-तिप्पट फाटे लावावेत.

काळी जमीन आणि वैशाख

धायटी उतारावरची. तिच्या मुळाशी पाणी थांबलेले तिला चालत नाही. असोद्याची काळी कसदार जमीन कापसाला उत्तम, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. म्हणून येथे खड्डा करण्यापेक्षा उंचवटा करणे महत्त्वाचे. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून त्यातील निम्मी काळी माती बाजूला करावी, तेवढाच मुरूम मिसळावा, पाटीभर शेणखत घालावे आणि जमिनीच्या वर वीतभर ढीग येईल असे भरावे. रोप त्या ढिगावर लावावे. दोन झुडपांत ५ ते ६ फूट अंतर ठेवावे, कारण फांद्या पसरतात. विहिरीच्या वा शेततळ्याच्या खोदकामातील मुरूम, रस्त्याकडेचा उतार, जुन्या गढीच्या पडक्या भिंतीलगतची जागा, जेथे पीक येत नाही अशी ठिकाणे धायटीला अधिक मानवतात.

छाटणीविषयी विशेष सांगणे आहे. कुंपण म्हटले की माळी दर महिन्याला कात्री चालवितो. धायटीच्या बाबतीत दिवाळीच्या सुमारास फांद्या कापल्या की त्या वर्षीची फुले गेली, कारण झुबके लांब फांद्यांवरच ओळीने येतात. छाटणी करायचीच असेल तर बी पडून गेल्यावर, पावसाच्या तोंडावर, वर्षातून एकदाच करावी. चौकोनी कापलेले हिरवे कुंपण हवे असणाऱ्यांनी मेंदी लावावी. फवारणीच्या दिवसांत कापसालगतच्या झुडपांवर औषधाचा झोत जाणार नाही, एवढी काळजी फवारणाऱ्याने घेतली पाहिजे; पिल्लांचे खाणे किडे व कोळी हेच आहे, हे वर आलेच आहे.

आता सर्वांत अवघड भाग. जळगाव जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाते. जुलैमध्ये समारंभाने लावलेले रोप मेमध्ये मरते. ज्यांच्या हातून ते लावले गेले ती मुले सुटीवर असतात, शिक्षक गावी असतात, शाळेच्या फाटकाला कुलूप असते. वृक्षारोपणाच्या अहवालात रोपांची संख्या असते, फोटो असतो; वैशाखातील पाण्याची तरतूद क्वचितच असते. त्यातही झाडांचे निदान मोजमाप होते, झुडपांना तर बहुतेक तक्त्यांत रकानाच नसतो. कामाच्या दर्जापेक्षा खड्ड्यांची संख्या मोठी, ही सवय सुटल्याशिवाय धायटीच काय, कडुनिंबही जगणार नाही.

याला उपाय खर्चिक नाहीत. पन्नास रोपांऐवजी दहाच लावावीत. प्रत्येक रोपाशेजारी बुडाला बारीक छिद्र पाडून वात घातलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे. आठवड्यातून दोनदा भरले तरी ओल टिकते. शाळा चालू असताना पोषण आहाराच्या तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्याचा ओघ रोपांकडे वळविता येतो. सुटीच्या दीड महिन्यासाठी मात्र माणूस नेमलाच पाहिजे. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी शाळेजवळून रोज जातोच. त्याच्या कामात दहा मडकी भरण्याची नोंद घालून त्याला थोडे मानधन द्यावे. नाहीतर रोपे शाळेऐवजी सार्वजनिक नळ, हातपंप किंवा पाणपोईच्या सांडपाण्याजवळ, उंचवट्यावर लावावीत. दोन उन्हाळे निघाले की धायटीला फारशी जपणूक लागत नाही.

नोंदींबद्दल थोडक्यात. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अनेक ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात राहते. शाळेतील मुलांनी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी ठरावीक अर्धा तास झुडपासमोर बसून किती शिंजीर आले, नर किती, मादी किती, भुंगे व मधमाश्या आल्या काय, एवढे लिहावे आणि वर्षअखेरीस तो कागद ग्रामपंचायतीच्या वहीत लावावा. धायटी फुलायला दोन-तीन वर्षे लागतील. तोवर हीच नोंद बांधावरच्या पळसाखाली आणि केळीच्या बागेत सुरू करता येते. म्हणजे झुडूप फुलेल त्या वर्षी तुलनेसाठी आधीचे आकडे मुलांच्या हाती असतील.

रोपवाटिकेकडील मागणीपत्र मात्र याच पावसाळ्याआधी गेले पाहिजे. बी उन्हाळ्यातच गोळा होते आणि ती वेळ चुकली की पूर्ण वर्ष जाते.